मधाची बाटली आणि माझी सही

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय मोकळा सोडला आणि लगेच लगामही ओढला. "लॅबमधले अनुभव लिहा, पण कांबळेबाई, दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात हो. जरा जपून." मी म्हटलं, जपून लिहीन, पण आडपडदा ठेवणार नाही. लोणावळ्याच्या एका खाजगी लॅबमध्ये तीस-बत्तीस वर्षं मी रक्त, लघवी, थुंकी आणि वीर्य तपासलं. पहिल्या तिघांवर कितीही लिहा, कुणाची हरकत नसते. चौथ्याचं नाव काढलं की माणसं छताकडे बघायला लागतात. या छताकडे बघण्यापायी किती बायकांनी लोकांची बोलणी खाल्ली, ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. तेव्हा मी लिहिणार ते त्याच्यावरच. ज्यांना लाज वाटेल त्यांनी पुढची पानं उलटावीत, कुठेतरी अनारशांची कृती असेलच.

या तपासणीला येणारा पुरुष लांबूनच ओळखू यायचा. तो आधी समोरच्या चिक्कीच्या दुकानात शिरायचा, नको असलेली चिक्की घ्यायचा, मग रस्ता ओलांडायचा. एक जण हेल्मेट घालून आत आला आणि नाव सांगतानाही त्याने ते काढलं नाही. एकाने डबी पुढे करत सांगितलं, "हे माझ्या मित्राचं आहे." मी म्हटलं, "मित्राला सांगा, झाकण नीट लावत जा." मला हसू यायचं आणि चीडही यायची. कारण तोवर त्याच घरातल्या बाईच्या सगळ्या तपासण्या दोन-दोनदा झालेल्या असायच्या.

आता हे शरीराच्या कारखानदारीचं प्रकरण समजावून सांगायला हवं. मला ते सांगायची सोपी रीत देहूरोडच्या एका आबांनी दिली. ते तिथल्या डेपोत स्टोअरकीपर होते, प्रोस्टेटच्या रक्ततपासणीसाठी आले होते आणि चिडलेले होते. "साठ वर्षं मला हा प्राणी माहीत नव्हता. आता रात्री चार वेळा उठवतो. आहे काय हे?" मी कागदावर चित्र काढून दाखवलं. आबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याचा डेपो करून टाकला.

शुक्रजंतू तयार होतात खाली, वृषणात. तिथून एकेका बाजूने लांब नळी वर चढते आणि मूत्राशयाच्या मागे जाते. तिथे दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढ्या, गुंडाळलेल्या पिशव्या असतात, त्यांना शुक्राशय म्हणतात. "हे रेशनचं गोदाम," आबा म्हणाले. अगदी बरोबर. वीर्याचा बहुतेक द्रव इथूनच येतो, आणि त्यात एक साखर असते, फ्रुक्टोज. फळांत आणि मधात असते तीच. तिच्या जोरावर शुक्रजंतू पुढचा प्रवास करतात. वीर्य आधी विरजलेल्या दह्यासारखं घट्ट होतं, तेही याच पिशव्यांमुळे. मग नळी आणि पिशवीचं तोंड मिळून एक बारीक वाट होते आणि ती प्रोस्टेटच्या आतून जाऊन मूत्रमार्गाला मिळते. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा रस पातळ, दुधट. घट्ट झालेलं वीर्य अर्ध्या तासात सैल करायचं काम तिचं. "गेटवरचा माणूस," आबांनी लिहिलं, "म्हातारपणी जाड होतो आणि गेटच अडवतो." आणि अगदी खाली मटाराएवढ्या दोन ग्रंथी, त्यांचा चिकट थेंब सगळ्यात आधी येऊन वाट धुऊन ठेवतो. आबा खूश झाले. "झाडूवाले पहिले! शिस्त आहे." तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता. पुढे तो मला फार कामी आला, आणि ज्या दिवशी कामी यायला हवा होता त्या दिवशी मी कपाट उघडलंच नाही.

काळूराम आणि मनीषा बेडश्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरवाडीतले. भाताचं थोडं रान, बाकी मजुरी. वर्षातले काही महिने काळूराम रानातला मध काढून लोणावळ्याच्या पॉइंटवर विकायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मनीषाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यावर कामशेतच्या डॉक्टरांनी काळूरामची तपासणी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन मनीषाच आली होती. मी तिच्याजवळ आमची निर्जंतुक डबी दिली आणि बजावलं, घरून आणणार असाल तर तासाच्या आत आणा, खिशात अंगालगत ठेवा, म्हणजे ऊब राहील.

चार दिवसांनी काळूराम आला. मित्राच्या मोटारसायकलवरून, घामाघूम. त्याने शर्टाच्या आतून एक बुटकी काचेची बाटली काढली, पिवळ्या झाकणाची. आमची डबी नव्हतीच.

"आमच्या डबीचं काय झालं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ही सोच्च हाय, मॅडम. धुतलीया."

नियमाप्रमाणे मी नमुना परत करायला हवा होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस आज परत गेला तर पुन्हा यायचा नाही, असं मला वाटलं, आणि मी बाटली घेतली. लोक याला कनवाळूपणा म्हणतील. मी आता याला गाढवपणा म्हणते.

नमुना जेमतेम थेंब-दोन थेंब होता. तो म्हणाला, "सांडलं थोडं." लिटमस कागद आंबट दाखवत होता, एरवी तो निळा होतो. वीर्य पाण्यासारखं पातळ होतं, पण येईपर्यंत पाऊण तास गेला होता, तेव्हा सैल झालं असणार, असं मी मनाशी म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्रजंतू नव्हता. अशा वेळी साखरेची तपासणी करायची असते. साखर आली नाही तर गोदामाची वाट बंद आहे किंवा गोदामच नाही. साखर आली तर गोदाम आणि वाट ठीक, मग दोष बहुधा कारखान्यातच. मी नळीत औषध घातलं, उकळलं, आणि नळी लालभडक झाली. साखर आहे. मी तसं लिहिलं आणि खाली सही केली.

नमुना कमी, आंबट आणि पातळ. तिन्ही गोष्टी ओरडून सांगत होत्या की गोदामाचा माल इथे आलेलाच नाही. पण लाल रंग इतका झोकात आला की मी बाकीच्या तिघांना गप्प बसवलं.

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून त्याला सांगितलं, "शुक्रजंतू तयारच होत नसावेत. पण एकदा पुन्हा तपासू." काळूरामने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याला तो थांबलाच नाही.

पाच महिन्यांनी माझी बहीण पुण्याहून आली म्हणून तिला घेऊन पॉइंटवर गेले. कठड्याला लागून मक्याची कणसं, आवळे, आणि एका गोणपाटावर मांडलेल्या मधाच्या बाटल्या. बुटक्या, काचेच्या, पिवळ्या झाकणाच्या. त्यांच्या मागे काळूराम बसला होता. मी एक बाटली उचलली, झाकण उघडलं. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची चकती असते, ती मधाने चिंब झालेली होती.

"काळूराम, त्या दिवशी आणलीस ती बाटली हीच का रे? मधाची?"

"व्हय. पन राखनं घासली हुती, तीन पान्यानं. अन तुमची डबी कशी आनायची, मॅडम? त्या डबीत समदी लघवी देत्यात. ह्ये पोराचं काम. आमच्यात पोर जल्मलं की आदी मधाचं बोट देत्यात. घरात त्याच्यापरीस सोच्च काय न्हाई."

त्याने घरातली सगळ्यात शुद्ध वस्तू निवडली होती, आणि नेमकी तीच माझ्या नळीत लाल झाली होती. मी विचारलं, "मनीषा कशी आहे?"

"तिच्यासाठी जागा बघितलीया. सुदुंबऱ्याचा बिजवर हाय, कंपनीत कामाला. येत्या रैवारी तिचा बा न्यायला यील." हे तो मधाचा भाव सांगावा तसं सांगत होता. "तिची कूस चांगली हाय. माज्यापायी तिनं का जळावं?"

"अरे थांब! तो रिपोर्ट चुकलाय. माझी चूक आहे. पुन्हा तपासायला हवं."

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "कागदावर सही तुमची हाय, मॅडम. आता परत आस लावू नगा. एक डाव मन मारलंय, पुन्यांदा न्हाई जमायचं."

आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला मध दाखवायला लागला.

बहिणीला तिथेच चहा पाजून मी तिला पुण्याच्या गाडीत बसवलं आणि विकत घेतलेली बाटली घेऊन लॅबमध्ये गेले. मध रिकामा केला, बाटली राखेने घासली, तीन पाण्यांनी धुतली, झाकण लावून हलवली, आणि त्या पाण्याची साखर तपासली. नळी लाल. झाकणाच्या चकतीत मुरलेला मध घासूनही गेला नव्हता. मला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते माणूस वाईट नव्हेत. म्हणाले, "त्याला येऊ दे, नवा नमुना घेऊ, नवा रिपोर्ट देऊ. वाडीवर जाऊन चूक कबूल करायची काय गरज? लॅबचं नाव जातं, बाई."

"तो येणार नाही, सर. आणि रविवारी ती जाणार आहे."

"मग तुम्ही तुमच्या जबाबदारीवर जा. रजा टाकून."

टाकली. बुधवारी सकाळी पिशवीत चार काचनळ्या, औषधाची बाटली, आमच्या दोन डब्या आणि ती मधाची रिकामी बाटली घेतली. बेडश्याच्या फाट्यापर्यंत जीप, पुढे पाऊण तासाचा चढ. माझे गुडघे तेव्हाही कुरकुरायचे. दर वळणावर वाटायचं, काय म्हणून सांगायचं त्या दोघांना? पण मागे फिरायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं.

मला बघून काळूराम गोठ्यात शिरला. मनीषा अंगणात भांडी घासत होती. ओट्यावर तिची पत्र्याची पेटी बांधून तयार होती.

"मनीषा, मला चुलीवर एक पातेलं पाणी उकळून दे."

"च्या करती की, ताई."

"चहा नको. तुझ्या नवऱ्याला बाहेर बोलाव. आणि दोघं इथे बसा."

मी तिच्यादेखत मधाची बाटली धुतली. नव्हे, तिलाच धुवायला लावली, राखेने, तिच्या हाताने, तिचं समाधान होईपर्यंत. मग तिच्यात पाणी घालून, झाकण लावून हलवली आणि ते पाणी एका नळीत घेतलं, आमच्या डबीतलं पाणी दुसऱ्या नळीत. दोन्हींत औषध घातलं आणि दोन्ही उकळत्या पातेल्यात उभ्या केल्या. औषध तेजाबाचं असतं म्हणून मनीषाला लांब बसवलं. काळूराम बाहेर आला नाही, गोठ्याच्या दारातून बघत होता, बघत नसल्यासारखं. थोड्या वेळाने एक नळी केशरी झाली, मग लाल. दुसरी होती तशीच राहिली.

"हा लाल रंग मधाचा," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये मी हाच रंग पाहिला आणि त्याचा समजले. मी चुकले. मनीषा, मी चुकीच्या कागदावर सही केली."

मनीषाने दोन्ही नळ्या निरखून पाहिल्या. मग म्हणाली, "म्हंजी ह्यो रंग मधाचा. मग ह्यांचा रंग कंचा?"

"तो अजून कुणी पाहिलेलाच नाही."

ती उठली. तिने माझ्या पिशवीतून आमची डबी काढली, गोठ्याच्या दाराशी गेली आणि काळूरामच्या हातात कोंबली. "मला म्हायेरी धाडायची लय घाई झालीया तुमाला. ह्या डबीत देऊन या आदी. मग पेटी मीच डोक्यावं घिऊन जाईन."

शुक्रवारी दोघं लॅबमध्ये आले. यावेळी काळूराम आमच्याच न्हाणीघरात गेला, आणि बाहेर मनीषा दाराशी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. तोच थेंबभर नमुना, आंबट, पातळ, आणि शुक्रजंतू नाहीत. मी साखरेची तपासणी केली. बाजूला एका चांगल्या नमुन्याची नळी ठेवली, फसायला नको म्हणून. ती लाल झाली. काळूरामची नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. पुन्हा केली. पुन्हा स्वच्छ. सबंध नोकरीत रंग न आल्याचा आनंद मला तेवढा एकदाच झाला.

कपाटाचं दार उघडून आबांचा डेपो दाखवला. "हे बघ, गोदामातून काहीच बाहेर येत नाहीये. एक तर जन्मापासून गोदाम आणि नळी नाहीत, नाहीतर इथे, या बारीक वाटेत, काहीतरी अडलंय. अडलं असेल तर उघडता येईल. नळीच नसेल तर उघडता येत नाही, पण सुईने शुक्रजंतू काढायचे दुसरे उपाय असतात. कारखाना बंद आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही."

"म्हंजी आत असतील?" मनीषाने विचारलं.

"असतील. असतीलच, असं मी म्हणणार नाही. एकदा बोलून बसलेय."

रविवारी मनीषाचे वडील आले. तिने त्यांना जेवू घातलं आणि एकटंच परत धाडलं. पण काळूराम हट्टी. त्याने सासऱ्याला सांगितलं, सोयरीक मोडू नका, त्या माणसाला सहा महिने थांबवा. बिजवर थांबायला तयार झाला. म्हणजे पेटी ओट्यावरून हलली, तरी सुटली नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर गेले. सोनोग्राफीत शुक्राशय दिसले, दोन्ही, द्रवाने तट्ट फुगलेले. आणि प्रोस्टेटच्या मधोमध, जिथून त्या दोन वाटा जातात तिथे, एक पाण्याची गाठ दोन्हींना दाबून बसली होती. माल तयार, गोदाम भरलेलं, आणि गेटात मध्येच दगड! तिथल्या डॉक्टरांनी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती गाठ उघडली. हेही स्पष्ट सांगितलं की वाट मोकळी झाली तरी शुक्रजंतू येतीलच याची हमी नाही. तीन महिन्यांनी तपासा.

ते तीन महिने मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. मनीषा अधूनमधून फोन करायची, भाताची लावणी कुठवर आली ते सांगायची, आणि ज्याबद्दल बोलायचं त्याबद्दल आम्ही दोघीही बोलायचो नाही.

ठरलेल्या दिवशी काळूराम आमची डबी घेऊन न्हाणीघरात गेला आणि बाहेर आल्यावर थेट रस्त्यापलीकडच्या बाकावर जाऊन बसला. डबी हातात घेतली तेव्हाच कळलं, आज वजन आहे. वीर्य दह्यासारखं घट्ट झालेलं. मी घड्याळ लावून बसले. वीस-पंचवीस मिनिटांत ते सैल झालं. लिटमस निळा. साखरेची नळी लाल. या लालवर मी विश्वास ठेवला नाही. काचपट्टी लावली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी काहीच दिसलं नाही. पट्टी सरकवली. मग एक दिसला, वळवळत जाणारा. मग त्याच्या मागे दोन. मग आणखी.

लॅबमध्ये पेशंटला सूक्ष्मदर्शक दाखवायचा नसतो. मी मनीषाला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती एकदम स्थिर झाली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

"लय न्हाईत, ताई," शेवटी ती म्हणाली.

"लय कशाला हवेत? एक पुरतो."

तिने पदराने डोळे पुसले. "ह्यांना तुमी नगा सांगू. मी सांगती."

मी काचेतून बघत होते. ती रस्ता ओलांडून गेली, बाकासमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून एवढ्या मोठ्याने बोलली की चिक्कीवाल्यालाही ऐकू गेलं. "बाला फोन लावा! सुदुंबऱ्याच्या त्या मानसाला म्हनावं, दुसरीकडं बघ!"

काळूरामने खिशातून फोन काढला. पण त्याच्या बोटांना काही बटणं सापडेनात. मग तिनेच तो हातातून घेतला आणि लावला.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी वाडीवर गेले, तर काळूराम पिवळ्या झाकणाची नवी बाटली घेऊन समोर आला. पहिलं मधाचं बोट मॅडमच देणार, असं घरात ठरलं होतं, म्हणून बारा दिवस थांबले होते. सगळी वाडी जमलेली. आणि मी म्हटलं, "नाही. वर्षाच्या आत बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातून तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते. कुणीही द्यायचा नाही." बायकांची कुजबुज सुरू झाली. एक मावशी म्हणाली, "आमी समदी मधावरच वाढलो की गं!" मला कळत होतं की मी त्यांच्या शुद्ध वस्तूला दुसऱ्यांदा नाव ठेवतेय. पण एकदा संकोचापायी गप्प बसून काय झालं होतं, ते मी विसरले नव्हते. मी हटले नाही.

काळूरामने बाटली माझ्या पिशवीत ठेवली. "मग ही तुमच्यापशी ऱ्हाऊ द्या. वरसानं घिऊन या."

मी ती स्वयंपाकघरात खिडकीजवळ ठेवली. त्या वर्षात मी निवृत्त झाले, निरोपाला शाल-नारळ मिळाला, तोही त्या बाटलीशेजारीच ठेवला. वर्ष पुरं झालं त्या दिवशी कुरकुरणारे गुडघे घेऊन पुन्हा तो चढ चढले. मनीषाने पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. मी बाटली उघडली, बोट बुडवलं आणि तिच्या तोंडात दिलं. पोरीने ते मिटक्या मारत चोखलं आणि मग दोनच दातांनी असं कडकडून चावलं की मी ओरडलेच.

बोट बाहेर काढून पाहिलं. दातांच्या दोन लाल खुणा उमटल्या होत्या. काळूराम वाकून त्या बघत होता.

"आता रिपोर्ट बरुबर आला, मॅडम," तो म्हणाला.